कंबर शाबूत, तर हंगाम शाबूत
(पाठदुखी टाळणाऱ्या रोजच्या सवयींचा पाठ)



गळीत हंगाम तोंडावर आला की आपल्याकडे गाडीच्या आखाला वंगण होते, ट्रॅक्टरचे ऑइल बदलते, ट्रॉलीचे टायर तपासले जातात. बैलाच्या खांद्याला तेल लागते. पण ज्या कंबरेवर हा सगळा कारभार चालायचा, तिची आठवण मात्र तिच्यात चमक भरल्यावरच होते. मग बैल गेला अन् झोपा केला, अशी गत. म्हणून या अंकात आम्ही कंबरेचा पाठ घेत आहोत. हा पाठ औषधांचा नव्हे, सवयींचा आहे. सवयीला पैसा लागत नाही. लागते ती थोडी आठवण.

आपल्या हदगाव भागातल्या शेतकऱ्याचे वर्षच असे आहे की कंबरेला सुट्टी नाही. पावसाळ्यात काळ्या चिखलात निंदणी अन् फवारणी. दसरा-दिवाळीला सोयाबीनची कापणी, पाठोपाठ कापसाची वेचणी. मग उसाची तोडणी, नवी लागवड, खोडव्याचे बुडखे छाटणे आणि हळद काढणे. बहुतेक कामे वाकून करायची. त्यात भर म्हणून गोण्या, पंप, मोळ्या आणि फटफटीवरचे धक्के.

हे दुखणे एकट्या आपलेच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटींवर जाईल असा अंदाज आहे. माणसाला कामातून उठवणारे जगातले पहिल्या नंबरचे कारण हेच. आपल्याकडे त्याचा अर्थ सरळ आहे. तोडीची चिठ्ठी आली अन् घरचा कर्ता अंथरुणावर असला, तर दुप्पट मजुरी, पाण्याची पाळी हुकणे, दवाखान्याचा खर्च अन् वर उसनवारी. बाप पडला की शाळेतले पोर शेतावर येते. म्हणून ही गोष्ट एकट्या कंबरेची नाही, सबंध घराची आहे.

१. कंबरेची रचना

कंबरेत पाच मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये एक चिवट गादी असते. बाहेरून दोरखंडासारखे वेढे, आत मऊ गर. मोठ्या माणसाच्या या गादीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. स्पंज दाबला की पाणी सोडतो, सोडला की पितो, तशी ही गादी हालचालीतून आपले पोषण घेते. म्हणजे हालचाल हेच तिचे खाणे. तासन्तास एकाच जागी बसणे अन् दिवस दिवस एकसारखे वाकून राहणे, दोन्ही तिला मानवत नाही.

रात्री आडवे झालो की गादी पाणी पिऊन फुगते. त्यामुळे सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा साधारण एक सेंटिमीटर उंच भरतो. फुगलेली गादी वाकताना जास्त ताणली जाते. म्हणून उठल्या उठल्या शेणाचे टोपले नाहीतर गोणी उचलू नये. आधी तोंड धुवावे, चहा घ्यावा, गोठ्यात एक चक्कर मारावी, जनावरांना वैरण टाकावी. जड काम अर्ध्या-पाऊण तासाने. धारेला बसायचे तर पायाखाली विटेएवढा पाट घेऊन जनावराच्या जवळ बसावे.

मणक्यांना उभे धरतात ते स्नायू. पाठीचे, पोटाचे, कुल्ल्याचे अन् मांडीचे. तंबूचा खांब एकटा उभा राहत नाही, त्याला चारी बाजूंनी ताण लागतो. तसेच हे आहे. एका बाजूचा दोर ढिला पडला की खांब कलला.

२. ओझ्याचा हिशेब

गाडीत माल मागे जास्त भरला की गाडी उलार होते, हे आपणास कोणी शिकवायला नको. भार आखाजवळ असला की बैलांना गाडी सोपी जाते. कंबरेचा न्याय तोच. कंबर हा आख, अन् हातातले ओझे हा भार. पाठीचे स्नायू मणक्यापासून जेमतेम पाच सेंटिमीटरवर धरलेले असतात. वीस किलोची वस्तू अर्धा मीटर पुढे धरली, तर ती तोलायला त्या स्नायूंना सुमारे दहापट, म्हणजे दोनशे किलोच्या आसपास ओढ द्यावी लागते. वजन वीसच, पण कंबरेला ते दोनशे.

जर्मनीतल्या उल्म येथील संशोधकांनी १९९९ साली एका निरोगी माणसाच्या गादीत मापक बसवून आतला दाब मोजला. त्यांचे आकडे आम्ही रुपयांच्या भाषेत मांडतो:

आडवे पडलेले असताना: १० पैसे
सरळ उभे असताना: ५० पैसे
२० किलो छातीशी धरून उभे असताना: १ रुपया १० पैसे
२० किलो छातीपासून ६० सेंटिमीटर दूर धरले तर: १ रुपया ८० पैसे
२० किलो गुडघे वाकवून उचलताना: १ रुपया ७० पैसे
२० किलो पाठ गोल करून उचलताना: २ रुपये ३० पैसे

हे माप एकाच माणसाचे आहे. प्रत्येकाचे पैसे थोडेफार वेगळे भरतील. पण कल ध्यानात घ्यावा. उचलण्याची रीत बदलली तर साठ पैसे वाचले. ओझे अंगाजवळ आणले तर सत्तर पैसे वाचले. आणि ओझेच निम्मे केले, तर आणखी वाचते. म्हणून पहिला नियम: कसे उचलावे याच्या आधी, किती उचलावे ते ठरवा.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यावी. हे वाचून वाकायलाच भिऊ नका. कंबर वाकण्यासाठीच घडलेली आहे. गुडघ्यात वाकून उचला, एवढे सांगून पाठदुखी थांबत नाही, हेही पाहण्यांतून दिसून आले आहे. बिघाड होतो तो ओझे जास्त, वेळ जास्त, विश्रांती कमी अन् सवय नाही, असे चार जण एकत्र आले म्हणजे. चार महिने बसून काढल्यावर पहिल्याच दिवशी ट्रॉलीभर गोण्या उतरवणारा माणूस हमखास उसण भरून घेतो.

३. उचलताना

(१) गोणी एकट्याने उचलू नये. एके काळी साखरेचे पोते शंभर किलोचे असे, ते पन्नासवर आले. युरियाची गोणी २०१८ साली पन्नासवरून पंचेचाळीसवर आली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने वाहायच्या ओझ्याची शिफारस केलेली मर्यादा ५५ किलो आहे. ती मर्यादा आहे, रोजचे माप नव्हे. दोघांनी धरली म्हणून कोणाची मर्दुमकी कमी होत नाही.

(२) पाय फाकवून ओझ्याच्या अगदी जवळ उभे राहा. ओझे पोटाशी घ्या, मग उठा. हिसडा देऊ नका.

(३) उचललेले ओझे घेऊन कंबरेतून वळू नका. पाय वळवा, सगळे अंग वळवा. ट्रॉली भरताना जास्तीत जास्त चमका याच ठिकाणी भरतात.

(४) खत-बियाणे जमिनीवर ठेवण्याऐवजी गुडघ्याच्या वर, ओट्यावर किंवा फळीवर ठेवा. गोणी ओलीपासून वाचते अन् कंबर वाकण्यापासून वाचते.

(५) दोन हातांत दोन बादल्या निम्म्या निम्म्या घ्याव्यात. एका हातात एक भरलेली बादली अंग एका बाजूला ओढते.

४. उसाच्या फडात

ऊस जमिनीलगत तोडावा, असे कारखाना सांगतो. बुडख्याकडे साखर जास्त, अन् पुढचा खोडवाही चांगला फुटतो. ते बरोबरच आहे. पण जमिनीलगत तोडायचे म्हणजे तोडणाऱ्याची कंबर दिवसभर जमिनीलगत. यातून वाट काढायची ती कामाच्या अदलाबदलीने. एकाच माणसाने सकाळपासून दुपारपर्यंत नुसता कोयता चालवू नये. अर्धा-पाऊण तास तोडणी, मग वाढे छाटणे, मग मोळी बांधणे, असे फिरत राहावे. कोयत्याला धार असावी. बोथट कोयता एका घावाचे तीन घाव करतो अन् तिन्ही कंबरेला बसतात. मोळी लहान बांधावी. मोठ्या मोळीत खेप वाचते, पण माणूस खचतो. मोळी डोक्यावर देताना दुसऱ्याने हात लावावा. ट्रॉलीवर चढण्याची फळी रुंद, आडव्या पट्ट्या मारलेली अन् घट्ट बसवलेली असावी. ओल्या फळीवरून पाय घसरला, तर कंबरच काय, जीवही जाऊ शकतो.

तोडणी टोळी आपल्या फडात येते तेव्हा ती आपली पाहुणी असते. फडाजवळ पिण्याचे पाणी अन् सावली असावी. दर तासाला दोन मिनिटे उभे राहून हात कंबरेवर ठेवून मागे वाकायला मुभा द्यावी. एवढ्याने तोड मागे पडत नाही.

फवारणीचा सोळा लिटरचा पंप भरला म्हणजे सोळा किलो पाणी अन् वर पंपाचे वजन, मिळून वीस किलोंच्या घरात. तो जमिनीवरून पाठीवर चढवू नये. बांधावर, दगडावर किंवा गाडीच्या फळीवर कंबरेच्या उंचीला ठेवून भरावा, अन् तिथूनच पट्ट्यांत हात घालावेत. दोन्ही पट्टे सारखे अन् आखूड ठेवावेत, पंप पाठीला चिकटून बसावा. पाण्याचा पिंप शेताच्या मध्यावर असेल तर पंप निम्माच भरावा.

५. बसण्याची कामे

कारखान्याच्या आवारात काट्यावर नंबर लागेपर्यंत रात्र रात्र गाडीवर बसून काढणारे आपलेच लोक आहेत. बसून राहिलेली कंबर आखडते, तिचे बंध ढिले पडतात. अशात नंबर लागला म्हणून एकदम उडी मारून साखळदंड ओढायला धावू नये. आधी चार-पाच मिनिटे चालावे, कंबर मोकळी करावी, मग हात लावावा. खाली उतरतानाही उडी नको, पायरी वापरावी.

ट्रॅक्टर अन् फटफटीचे सततचे हादरे कंबरेला वाईट. ट्रॅक्टरच्या सीटची स्प्रिंग गेली असेल तर ती दुरुस्त करणे ही चैन नाही. क्लच दाबताना पाठ सीटला टेकलेली राहील, अशी सीट पुढे घ्यावी. सलग नांगरट करताना तासाभराने खाली उतरून एक चक्कर मारावी. फटफटीवर टायरमध्ये हवा बेताची अन् वेगही बेताचा.

सोसायटीच्या नाहीतर ग्रामपंचायतीच्या कामासाठी दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या तरुण मंडळींनाही हेच लागू. नीट बसण्याची एकच एक पद्धत नाही. पुढची बैठक ती चांगली बैठक. म्हणजे बदलत राहावे. मोबाइल आला की उठून बोलावे.

६. घरच्या बायामाणसांची कंबर

घरात सर्वांत आधी उठणारी अन् सर्वांत शेवटी टेकणारी कंबर बाईची. शेण, पाणी, झाडलोट, भाकरी, मग शेतात निंदणी-वेचणी, अन् आल्यावर पुन्हा चूल. तिच्या दुखण्याला मात्र ‘बायकांचं असतंच’ म्हणून बाजूला सारले जाते. सभासद बंधूंनो, हा परिच्छेद आपण वाचायचा आहे.

झाडणीला लांब दांडा बांधून द्या. चुलीचा किंवा गॅसचा ओटा उभ्याने काम होईल एवढा उंच करा. पाण्याचा माठ कमरेएवढ्या उंचीवर ठेवा. खुरपताना ओणवे राहण्याऐवजी उकिडवे किंवा पाटावर बसावे, अन् मधून मधून उठावे. कापसाची ओटी भरभरून जड होण्याआधीच रिकामी करावी. बाळंतिणीला काही महिने जड ओझे देऊ नये.

आणखी एक बोलले पाहिजे. २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कंबर दुखते, ओटीपोट दुखते, अंगावरून जाते, अशा तक्रारी घेऊन बाई दवाखान्यात जाते अन् पिशवी काढून परत येते. नुसत्या कंबरदुखीवर गर्भाशय काढणे हा इलाज नव्हे. अंडाशयेही काढली गेली तर हाडे लवकर ठिसूळ होतात अन् दुखणे उलट वाढते. असा सल्ला मिळाला तर थांबा, अन् शासकीय रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरचे मत घेतल्याशिवाय सही करू नका.

७. दिवसातला अर्धा तास

‘आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला कशाला पाहिजे व्यायाम?’ हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की शेतीकाम त्याच त्या स्नायूंना त्याच त्या दिशेने राबवते. पोटाचे अन् कुल्ल्याचे स्नायू बाजूला राहतात. तंबूचा एकच दोर रोज ओढल्यासारखे ते होते. ३० हजारांवर लोकांचा समावेश असलेल्या २१ चाचण्यांचा २०१६ साली एकत्र आढावा घेतला गेला. व्यायाम अन् माहिती यांची जोड दिली तर वर्षभरातला कंबरदुखीचा धोका सुमारे ४५ टक्क्यांनी कमी होतो, असे त्यात दिसले. कमरपट्ट्याचा मात्र प्रतिबंधासाठी उपयोग दिसला नाही.

सर्वांत सोपा व्यायाम चालण्याचा. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांवर प्रयोग झाला. तो २०२४ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून पाच दिवस अर्धा अर्धा तास चालण्यापर्यंत हळूहळू मजल न्यायची, असे त्यात होते. न चालणाऱ्यांचे दुखणे सर्वसाधारणपणे ११२ दिवसांनी उलटले, चालणाऱ्यांचे २०८ दिवसांनी. शेत हाकेच्या अंतरावर असेल तर फटफटी घरी ठेवा, हाच त्याचा मराठी अनुवाद.

त्याच्या जोडीला घरच्या घरी तीन गोष्टी. उताणे निजून गुडघे दुमडावेत अन् कुल्ले वर उचलावेत, दहा वेळा. गुडघे व तळहात टेकून उजवा हात अन् डावा पाय सरळ लांबवावा, मग उलट, आठ-आठ वेळा. अन् सावकाश दहा उठाबशा. सुरुवात निम्म्याने करावी. पायात कळ गेली तर थांबावे.

झोपेसाठी फरशी किंवा लाकडी फळीच हवी, हा समज सोडून द्यावा. मध्यम घट्ट गादी पुरेशी. बाजेला झोळ पडला असेल तर ती आवळून घ्यावी. कुशीवर निजणाऱ्याने दोन गुडघ्यांत उशी किंवा गोधडीची घडी घ्यावी. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत कंबरदुखी जास्त आढळते, हेही लक्षात असू द्यावे.

८. उसण भरलीच तर

आपल्याकडे पायाळू माणसाचा पाय लावून उसण उतरवण्याची रीत जुनी आहे. उसण उतरतेही, कारण बहुतेक उसणी काही दिवसांत अन् बहुतेक दुखणी काही आठवड्यांत आपोआपच उतरतात. श्रेय पायाळूला जाते. हलका पाय लावला तर बिघडत नाही, पण लाथ मारणे, मणका मोडून बसवणे असले प्रकार करू नयेत.

महिनाभर अंथरूण धरणे हेही चुकीचे. फिनलंडमध्ये १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, झेपेल तसे रोजचे काम चालू ठेवणारे लोक निजून राहणाऱ्यांपेक्षा लवकर बरे झाले. एखादा दिवस टेकावे, शेक घ्यावा, मग चालायला लागावे. जड ओझे तेवढे काही दिवस टाळावे.

फोटोत ‘गॅप’ निघाला, ‘गादी सरकली’ म्हणून हाय खाऊ नये. कंबर मुळीच दुखत नसलेल्या लोकांचे फोटो काढले, तरी विशीतल्या शंभरांत तीस जणांची अन् ऐंशीतल्या शंभरांत चौऱ्याऐंशी जणांची गादी फुगलेली दिसते. केस पिकतात तशी ती गोष्ट आहे. नुसत्या फोटोवरून ऑपरेशन ठरत नाही.

दुखण्याच्या गोळ्या उपाशीपोटी अन् मनाने घेऊ नयेत. उन्हात घाम गाळून, पाणी कमी पिऊन अशा गोळ्या खाणाऱ्याची किडनी धोक्यात येते.

९. या खुणा दिसल्या तर वाट पाहू नका

लघवी अडणे किंवा नकळत होणे, संडासवर ताबा न राहणे, बैठकीचा भाग बधिर होणे, पायातली ताकद जाणे: यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, १०८ ला फोन करून मोठ्या रुग्णालयात पोहोचावे. नांदेडला विष्णुपुरी येथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. उशीर झाला तर अधूपण कायमचे राहते.

पडल्यानंतरचे दुखणे, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, रात्री निजूनही न थांबणारी कळ, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच उठलेले दुखणे, सहा आठवडे उलटूनही न हटणारे दुखणे, यांसाठी डॉक्टरला दाखवावेच. मणक्याचा क्षयरोग असाच सुरू होतो. त्याची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात अन् तो बरा होतो. कुशीतून जांघेकडे जाणारी कळ अन् लाल लघवी असेल तर तो बहुधा मुतखडा समजावा, कंबर नव्हे; तरी डॉक्टरला दाखवावे.

उजळणी

ओझे निम्मे करा, अंगाजवळ धरा. कंबरेतून वळू नका. एकच काम तासन्तास करू नका. बसून उठल्यावर आधी चाला, मग उचला. रोज अर्धा तास पायी फिरा. घरच्या बाईचे ओझे वाटून घ्या. दुखले तर निजून राहू नका, अन् वरच्या खुणा दिसल्या तर घरी थांबू नका.

हा पाठ वाचून झाल्यावर घडी करून ठेवू नये. ज्यांना वाचता येत नाही त्यांना, अन् फडात आलेल्या टोळीच्या मुकादमाला, वाचून दाखवावा. ऊस आपला, कारखाना आपला, अन् दोन्ही चालवणारी कंबरही आपलीच आहे.